वाळवणातलं भिंग

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२४ मे १९८८

प्रिय वसंता,

आधी सवयीनं ‘चिरंजीव’ लिहिलं होतं, ते खोडलं. चिरंजीव लिहिलं की पुढं आशीर्वाद, क्षेम वगैरे सगळं आपोआप ओळीनं येऊन बसतं आणि पत्र संपतं, लिहिणाऱ्यानं काही सांगितलेलंच नसतं. तू म्हणशील, कबनूर ते कोल्हापूर तासाभराची एस.टी., मग म्हाताऱ्याला पत्राची हौस कुठून आली? तर लेका, समोरासमोर बसलो की आपण दोघं काय बोलतो ते तुझ्या आईला विचार. तू म्हणतोस ‘बरं आहे की’, मी म्हणतो ‘बरं आहे’, आणि मग दोघं मिळून पंखा बघतो. म्हणून सकाळीच चहा घेऊन गच्चीच्या जिन्यात बसलोय. इथं वारा येतो आणि तुझी आई वर ये-जा करताना मला ओलांडून जाते, म्हणजे तिलाही बोलायला निमित्त होतं.

तिचं सध्या माझ्याशी भांडण आहे. कारण ऐकलंस तर हसशील, पण ते कारण मला तुला नीट सांगायचंय, म्हणून मागं ठेवतो. आधी तुला माहीत असलेली बातमी सांगून टाकतो. जानेवारीच्या शेवटी मी दुकान बंद केलं. गाळा आपल्या शेजारच्या तानाबाईच्या सयाजीला द्यायचं ठरलं, त्याला तिथं व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकायचंय. एक जूनला किल्ली देतो असा शब्द मी त्याला दिला होता. पेठेत सगळ्यांना सांगितलं, आता वय झालं, बारीक काम होत नाही. लोकांनी लगेच मान्य केलं. जरा कुणीतरी ‘छे, छे’ म्हणायला हवं होतं, पण कोल्हापूरची माणसं, ‘व्हय, आता इस्वाटाच घ्या’ म्हणाली आणि गेली. आणि तू? संक्रांतीला येऊन गेलास, त्यानंतर घरी आलाच नाहीस.

आठवतं का तुला, दुकानात प्रत्येक कॅमेऱ्याला आपण चिठ्ठी बांधायचो? ती रीत माझी नाही, यल्लाप्पा मिस्त्रींची. सिनेमाच्या स्टुडिओत कॅमेरा खात्यात मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. बेळगावकडचा माणूस, मराठी बोलताना मध्येच कानडीत शिव्या द्यायचे आणि कॅमेऱ्याशी मात्र लेकरासारखं बोलायचे. कॅमेरा उघडला की पहिल्यांदा चिठ्ठी लिहायची: काय बिघडलं, काय केलं. दोऱ्यानं ती कॅमेऱ्याच्या कडीला बांधायची. त्यांचा नियम एकच होता. चिठ्ठीत दोष लिहायचा, माणूस लिहायचा नाही. कुणी पाडला, कुणी वंगण जास्त घातलं, कुणाच्या हातून काच ओरखडली, ते लिहायचं नाही. एकदा मी एका कॅमेरामनचं नाव लिहिलं तर त्यांनी चिठ्ठी फाडून माझ्या हातावर ठेवली. पुढं स्टुडिओ बंद पडला, मी पेठेत दुकान काढलं आणि ती रीत बरोबर आणली. माझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचल्यागत. तू तिसरीत गेलास आणि चिठ्ठ्या तुझ्याकडं आल्या. शाळेतून आलास की काउंटरवर बसायचास, मी सांगायचो, तू लिहायचास. तुझा ‘द’ तेव्हापासून असाच आहे, पोट मोठं आणि शेपूट आखूड. गिऱ्हाइकं म्हणायची, गणपतराव, कॅमेरा राहू द्या, चिठ्ठीच द्या. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा, आणि मी तुला तो एकदाही सांगितला नाही.

मग तू शिकून इंजिनीयर झालास आणि कबनूरपुढच्या माळावरच्या त्या वायरच्या कारखान्यात लागलास. गेल्या दिवाळीनंतर तू स्वतः तो कॅमेरा घेऊन आलास तो दिवस मला फोटो काढल्यासारखा आठवतो. स्कूटरच्या पायाशी खोकं ठेवून, एका हातानं धरून आला होतास. म्हणालास, ‘अण्णा, हे तिकडं कुणाला जमेना, तुम्ही बघा.’ चहा थंड होईपर्यंत मला सगळं समजावून सांगितलंस. वायरीवरचं प्लास्टिक उष्णतेनं वितळू नये म्हणून त्याच्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. त्या यंत्राला पाच फूट जाड काँक्रीटची खोली आहे. झोत चालू असताना आत माणसानं जायचं नाही, चिटपाखरू जायचं नाही. मग वायर चाकांवरून नीट सरकतेय की उतरली, हे बघायला आत कॅमेरा आणि बाहेर टीव्हीसमोर तुम्ही. त्या टीव्हीत दिवसेंदिवस अंधारून यायला लागलं होतं. तुम्ही रोज सकाळी उजेडाचं बटण थोडं थोडं फिरवत गेलात, त्यामुळं महिनाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी एक दिवस बटण फिरायचं संपलं. वायर चाकावरून उतरून जळाली तरी पडद्यावर दिसली नाही.

मी भिंग काढून खिडकीशी धरलं. काच चहासारखी तपकिरी झाली होती. मला गंमत वाटली ती वेगळीच. त्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे आटे आणि आपल्या सोळा मिलिमीटरच्या जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे आटे एकच! स्टुडिओ मोडला तेव्हा मी तीन भिंगं मागून घेतली होती, तुला माहीत आहे, लाकडी पेटीत, मखमलीत. कितीजणांनी मागितली, दिली नव्हती. त्यातलं एक मी तुझ्यासाठी काढलं. उघडून पुसलं, आतल्या दोन काचा सुट्या केल्या आणि बाल्समची नवी राळ शिजवून तिनं पुन्हा चिकटवल्या. बाल्सम शिजवणं म्हणजे तुझ्या आईच्या पाकासारखं आहे. कमी झाला तर काच सुटते, जास्त झाला तर पिवळा पडतो. मी तो वासावर उतरवतो. यल्लाप्पांनी तसंच शिकवलं. तू कॅमेरा घेऊन गेलास आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून समोरच्या औषधाच्या दुकानात फोन केलास, ‘अण्णांना सांगा, आरशागत दिसतंय!’ त्या दुकानदारानं ते रस्त्यातून ओरडून सांगितलं. मी नुसती मान हलवली, पण त्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्या आईसाठी गजरा घेऊन गेलो, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

सव्वा महिन्यात कॅमेरा परत आला. या वेळी तू नव्हतास, तुमचा गुंडू ड्रायव्हर जीपमधून घेऊन आला. माझं भिंग तपकिरी. मी म्हटलं, बाल्सम जास्त शिजला असणार. पेटीतलं दुसरं भिंग काढलं, पुन्हा सगळं केलं, या वेळी तीनदा वास घेऊन. गुंडू तिथंच स्टुलावर बसून शेंगा खात होता. तो म्हणाला, ‘आण्णा, तकडं मशिन चालू झालं की टीव्हीत मुंग्याच मुंग्या हुत्यात बघा, आन् बंद केलं की एक न्हाय. खोली उघडली की वीज पडल्यागत वास येतोय.’ मी त्याला म्हटलं, तू शेंगा खा. कॅमेऱ्याच्या मागची रबराची कडी कडक होऊन तडकली होती, ती पण मी मुकाट्यानं बदलली. माझ्या बाल्सममुळं रबर कसं तडकेल, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तर पुढचं काही झालं नसतं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी तो तिसऱ्यांदा आला. त्या दिवशी काय झालं ते मी शेवटी सांगणार आहे. एवढंच सांगतो की मी तो कॅमेरा उघडला नाही, गुंडूला तो पुण्याला पाठवायला सांगितलं. संक्रांतीला तू तिळगूळ दिलास तेव्हा माझ्याकडं बघितलं नाहीस, मीही तुझ्याकडं बघितलं नाही. सूनबाई प्रमोदिनी बिचारी एकटीच बोलत होती. पुढच्या पंधरा दिवसांत माझं काय झालं, ते कुणाला सांगितलं नाही. एक घड्याळ दुरुस्तीला आलं, मी ते चार वेळा उघडलं, चार वेळा तपासलं. एका फोटोग्राफरचा कॅमेरा झाला, त्याला मी म्हटलं, तू दुसरीकडं एकदा दाखवून घे. तो हसला. मला हसू आलं नाही. बाल्समची बाटली नाकाशी धरायचो आणि वास येतोय की नाही हेच कळायचं नाही. ज्या माणसाचा स्वतःच्या नाकावर भरवसा उरला नाही, त्यानं दुसऱ्याच्या काचा जोडू नयेत. म्हणून फळ्या लावल्या आणि कुलूप घातलं. वय, डोळे, सगळी सांगायची कारणं होती. खरं कारण एवढंच, की मी माझ्या हातांना घाबरायला लागलो होतो.

आता भांडणाचं कारण. खराब झालेली ती दोन भिंगं, तुमच्या कंपनीचं एक आणि माझं पहिलं एक, मी घरी आणून कोनाड्यात टाकली होती. चैत्र संपता संपता तुझ्या आईचं वाळवण सुरू झालं. कुरडया, सांडगे, पापड, तिला दर साली वाटतं की पुढच्या वर्षी जगात गहू उगवणार नाही. प्रमोदिनीही शाळेला सुट्टी लागल्यावर मदतीला आली होती. कुरडयांवर माझ्या आईचं जुनं इरकली लुगडं पसरलं. ते अगदी विरलंय, त्यातून ऊन पडतं आणि चिमण्या पडत नाहीत. वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वजन हवं. दोन कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि दोन कोपऱ्यांवर, मला न विचारता, ती दोन भिंगं. पितळेची आहेत, जड आहेत, ‘नाहीतरी तुमच्या काय कामाची’ असं तिचं म्हणणं. खरंच होतं. तानाबाईला मात्र ते पटलं नाही. ती म्हणाली, ‘विमलाबाई, ती काच आनुशक्तीच्या कारखान्यातली हाय म्हनं, कुरडयांस्नी लागली म्हंजे?’ प्रमोदिनीनं तिला शाळेत विज्ञान शिकवते तसं समजावून सांगितलं की यंत्र बंद झालं की किरण संपतात, वस्तूत काही राहत नाही, दिवा मालवला की खोलीत उजेड साठून राहत नाही तसं. तानाबाईनं ऐकून घेतलं आणि आपले पापड उचलून आपल्या गच्चीवर नेले.

दहा-बारा दिवस गेले. वाळवण रोज सकाळी पसरायचं, संध्याकाळी आवरायचं, भिंगं तिथंच कठड्यावर असायची आणि सकाळी पुन्हा आपापल्या कोपऱ्यात जायची. तुझ्या आईचं सगळं जागच्या जागी लागतं, तुला माहीत आहे. कंपनीचं भिंग पाण्याच्या टाकीकडं, सावलीत, माझं रस्त्याकडं, उन्हात. एक दिवस दुपारी मी डुलकी काढत होतो तर वरून अशी हाक आली की मला वाटलं कुणी पडलं. ‘अहो, वर या, तुमच्या त्या मेल्या काचेनं माझ्या सासूबाईंचं लुगडं जाळलं!’ धावत गेलो. लुगड्याला चवलीच्या नाण्याएवढं गोल भोक, कडा काळ्या, खालच्या कुरडईला डाग, अजून धूर येत होता. ती बोलत होती, मी ऐकत नव्हतो. बारा दिवस भिंग त्याच जागी होतं, त्याच उन्हात, आणि काही झालं नव्हतं. आजच कसं जाळलं?

मी भिंग उचलून डोळ्यांसमोर हातभर लांब धरलं. वसंता, समोरच्या गच्चीवरच्या दोरीवरची चिमण्यांची रांग दिसली, उलटी टांगलेली, पण एकेक चिमणी वेगळी. काच स्वच्छ होती. पूर्ण नाही, अगदी पातळ चहाची झाक राहिली होती, पण स्वच्छ. टाकीकडचं उचललं, ते होतं तसंच तपकिरी. मी तिथंच कुरडयांच्या मध्ये बसलो. तुझ्या आईला वाटलं मला चक्कर आली, ती लुगडं विसरून पाणी आणायला गेली. मला चक्कर आली नव्हती. मी विचार करत होतो, की जास्त शिजलेला बाल्सम उन्हात ठेवला तर आणखी पिवळा पडतो, कमी कधीच होत नाही. म्हणजे ते तपकिरीपण बाल्सममध्ये नव्हतंच. ते काचेत होतं, आणि उन्हानं ते उतरत होतं.

तरी मी यल्लाप्पांचा चेला, एकदा दिसलं म्हणून खरं मानणार नाही. दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या. कंपनीचं भिंग उन्हात, खाली बशी ठेवून, म्हणजे काही जळायला नको, आणि माझं डब्यात. पंधरा दिवस रोज सकाळी मी त्यातून समोरचं बघायचो. तुझी आई म्हणायची, बघा, काचेला कोवळं ऊन दाखवतायत, पोराला कधी दाखवलं नाही. सोळाव्या दिवशी तुमच्या कंपनीच्या भिंगातूनही चिमण्या दिसल्या. मी प्रमोदिनीला विचारलं, हे काय आहे गं? तिनं सांगितलं, झोत धातूवर आदळला की त्यातून क्ष-किरण निघतात, दवाखान्यात असतात तसलेच पण फार जोराचे. साधी काच त्यात राहिली की हळूहळू तपकिरी होते, ऊब आणि ऊन मिळालं की पुन्हा उतरते. टीव्हीतल्या मुंग्या त्याच किरणांच्या. मग ती थांबली. म्हणाली, शिमग्याच्या सुमारास कारखान्यात तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातून एक साहेब आले होते, त्यांनी ह्यांना हेच सांगितलं, आणि तेव्हापासून हे जेवताना बोलत नाहीत. एवढंच बोलली आणि कुरडया उलटायला लागली. शहाणी पोर आहे. तुझ्याविरुद्ध एक अक्षर बोलली नाही आणि मला जे कळायचं ते कळलं.

तानाबाईनंही मला एक गोष्ट सांगितली आहे. तिला वाटलं मला माहीत असेल. ‘तुमचा वसंता आलता की परवा ऐतवारी. दुकानाम्होरं गाडी लावून हुबा ऱ्हायलता, कुलपाकडं बघत. हाक मारली तर न ऐकल्यागत निघून ग्येला. आन् ही काय पयली बारी न्हाय.’ मी तिला म्हटलं, त्याला घाई असेल. घरात आलो आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. तुझी आई म्हणाली, आत्ताच तर आंघोळ केलीत. घरापासून दुकान शंभर पावलांवर आहे, वसंता. तेवढी शंभर पावलं तुला चालवली नाहीत, आणि मी इथं बसून तुझ्यावर रागावलो होतो.

आता कामाचं ऐक. तुम्ही कॅमेरा आत, झोतासमोर टांगलाय. तो तिथं ठेवायचाच नाही. गुंडू म्हणाला, त्या खोलीत शिरायला बोळासारखी वाट आहे, दोन वळणांची. कॅमेरा त्या वळणाच्या आड ठेव आणि कोपऱ्यावर आरसा लाव. स्टुडिओत एकदा न्हाव्याच्या दुकानाचा सेट इतका अरुंद बांधला होता की कॅमेरा मावेना. यल्लाप्पांनी कॅमेरा बाहेर ठेवला आणि आरशातून सगळा सीन घेतला. प्रमोदिनी म्हणते, उजेड आरशावरून वळेल, ते किरण वळणार नाहीत, बहुतेक सरळ जाऊन भिंतीत जिरतील. फक्त आरसा काचेचा घेऊ नकोस, तोही चहाच्या रंगाचा होईल. मी उद्यमनगरात जाऊन स्टीलचा पत्रा घेतला, बफिंगवाल्याकडून घासून घेतला, मग घरी तीन दिवस पॉलिश केला. या हातांनीच. पहिल्या दिवशी सारखं तपासत होतो, दुसऱ्या दिवशी तपासायचं विसरलो. तुझी आई त्यात बघून कुंकू लावते. तिच्या लुगड्याचं भोक अजून माफ झालेलं नाही, पण आरसा तिला पसंत आहे.

सयाजीला काल बोलावून सांगितलं, गाळा देत नाही. दिलेला शब्द फिरवला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्याची मला लाज वाटली. तो म्हणाला, ‘आण्णा, आधी सांगायचं न्हाय व्हय, पाटी रंगवून झाली की!’ मी त्याला म्हटलं, पाटी आण, तिच्या मागच्या बाजूला माझं नाव रंगवून देतोस का? तो आधी चिडला, मग हसला, आणि जाताना आपला कॅमेरा दुरुस्तीला ठेवून गेला. मी तो घेतला.

आता शेवटचं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. संक्रांतीच्या आधी गुंडू तो कॅमेरा तिसऱ्यांदा घेऊन आला, तो खरं म्हणजे माझ्याकडं आणायचाच नव्हता. पुण्याला पाठवायला ट्रान्सपोर्टमध्ये टाकायचा होता, पण गुंडूची जीप सवयीनं मंगळवार पेठेत वळली. कॅमेऱ्याच्या कडीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली होती. गाठ आपल्या दुकानातली. मी वाचली. ‘तिसऱ्यांदा तोच दोष. दुरुस्ती सदोष. यापुढे या कारागिराकडे काम देऊ नये.’ खाली सही नव्हती, पण ‘दोष’मधला तो ‘द’ मी जगात कुठंही ओळखेन. मी चिठ्ठी सोडून खिशात ठेवली, दुसऱ्या कागदावर ‘पुणे’ लिहून बांधलं आणि गुंडूला चहा पाजला. बाल्सम बिघडला तरी काच अशी डागाळत नाही, हे मला चाळीस वर्षांपासून माहीत होतं रे. तडकलेलं रबर माझ्या हातात होतं, मुंग्यांची गोष्ट कानावर आली होती, थोडा विचार केला असता तर तेव्हाच कळलं असतं. पण तुझं अक्षर वाचलं आणि माझ्या डोळ्यांपेक्षा, नाकापेक्षा, चाळीस वर्षांपेक्षा मला तेच खरं वाटलं. तू लिहिलंयस म्हणजे तसंच असणार. ही चूक माझी, तुझी नाही. तुला त्या दिवशी जे दिसलं ते तू लिहिलंस. फक्त यल्लाप्पांचा नियम मोडलास, माणूस लिहिलास, आणि गेले चार महिने त्याची शिक्षा तूच भोगतोयस. ती चिठ्ठी या पाकिटात परत पाठवतोय. मागच्या बाजूला मी माझ्या कोंबडीच्या अक्षरात लिहिलंय: ‘तपासलं. जोडणीत दोष नाही. किरणांसमोर ठेवू नये. काळं पडल्यास उन्हात ठेवावं, उतरतं.’ येत्या रविवारी आरसा घ्यायला ये. गुंडूला पाठवू नकोस, तू ये. दुकानाच्या फळ्या सकाळपासून उघड्या असतील, रस्त्यावर उभा राहू नकोस, सरळ आत ये. सयाजीचा कॅमेरा मी उघडून ठेवलाय, काय बिघडलंय तेही बघितलंय. चिठ्ठी तेवढी लिहायची राहिली आहे.

वाट बघणारा,
तुझाच
अण्णा